भुशात घडलेला हात

कापगतेबाईंसमोर कुठल्याही वस्तूला नावं ठेवायची सोय नव्हती. स्टाफरूममध्ये तुम्ही नुसतं म्हणालात, की माझं पेन नीट उठत नाही, की बाई आपलं पेन तुमच्या हातात कोंबायच्या आणि तुमचं काढून घ्यायच्या. "आन, पालटू. पाहू मंग, पेन बिघडलं का हात." संध्याकाळपर्यंत तुमच्याच पेनानं सगळ्या वर्गांच्या हजेऱ्या लिहून ते तुमच्यापुढे आपटायच्या. शिवणाच्या बाई एकदा म्हणाल्या, सायकल फार जड जाते. कापगतेबाईंनी ती सायकल घेतली, स्टेशनजवळच्या पुलावर न उतरता चढवली आणि परत आणून भिंतीला टेकवली. इतिहासाच्या बाईंनी सासूची तक्रार केली तेव्हा मात्र त्या जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "माही घेतेस का? भाजीत मीठ कमी पडलं त ताट आंगनात फेकते." त्या वर्षी आमच्या स्टाफरूममध्ये सासूचा विषय पुन्हा निघाला नाही.

हे वाचून तुम्हाला बाई गोड वाटायला लागल्या असतील, तर सावरा. मी त्यांच्यावर लिहायला बसले ती रागानं. बाई जाऊन वर्ष होत आलं, राग काही जात नाही. सकाळी दूध उतू जायच्या आधी तो वर येतो. सून म्हणते, "आई, गेलेल्या माणसावर कशाला चिडता?" तिला म्हटलं, जिवंत माणसांवरही चिडून पाहते आहे, त्यांना तर ऐकूच येत नाही.

लग्न होऊन मी गोंदियात आले आणि इथल्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला लागले, तेव्हा माझी वेणी लांब आणि अक्कल आखूड होती. नागपूरच्या कॉलेजात मी टेबल टेनिसची उपविजेती होते. उपविजेती म्हणजे हरलेलीच, पण मी तो शब्द असा काही उच्चारायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, ही विजेतीच्या वरची पायरी असणार. लग्नानंतर ह्यांनी मला सीताबर्डीवरून नवीकोरी बॅट आणून दिली होती. लाल रबर, आत स्पंज, मुठीला चकचकीत पॉलिश. मी तिला मखमलीची खोळ शिवली आणि खोळीवर रेशमानं माझं नाव भरलं, माहेरचंही आणि सासरचंही. तिला देव्हाऱ्यात बसवायचं तेवढं राहिलं होतं.

शाळेचं टेबल शाळेत नव्हतं. कुंपणाला लागून राइस मिल आहे. तिचं एक जुनं गोदाम संस्थेनं वापरायला घेतलं होतं, त्यात ते हिरवं टेबल मांडलेलं. मी तिथे गेले तर खेळाच्या बाई उभ्या. बुटक्या, रुंद, पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट. हातातली बॅट काळपट, रबर पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवलेलं, आणि ते सुटू नये म्हणून कडेनं सायकलच्या ट्यूबची पट्टी. ह्या केशोरीच्या कापगतेबाई. "नागपूरवाली खेळते म्हनतेत," एवढंच त्या बोलल्या आणि त्यांनी सर्व्हिस केली.

मी हरले. आधी टेबलाला दोष दिला, मग उजेडाला, मग निऱ्यांना. शेवटी बॅटची पाळी आली. "मूठ जरा जाडच आहे हिची," मी म्हटलं. पाहायला आलेल्या शिक्षिकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांना पुढचं ठाऊक होतं.

"आन, पालटू," बाई म्हणाल्या.

माझी लाल बॅट त्यांच्या हातात, ती ट्यूबवाली माझ्या हातात. मी पुन्हा हरले, आणि आधीपेक्षा लवकर हरले. बाईंनी माझी बॅट स्वतः खोळीत घातली, खोळीवरचं रेशीम वाचलं आणि म्हणाल्या, "नाव दोन दोन आहेत, मनगट एक बी नाही."

घरी जाऊन मी उशीत डोकं खुपसलं. हे म्हणाले, "दुसरी आणू, पातळ मुठीची." मी ताडकन उठून बसले आणि बाणेदारपणे म्हणाले, "नको. मला हात सुधारायचा आहे." काय तो आवाज, काय तो आव. ते वाक्य मला इतकं आवडलं की पुढची सगळी नोकरी मी ते वाटत फिरले. पोरीची कविता पाठ होत नसली तरी तेच, घरी पोळी करपली तरी तेच. तवा बदलू का विचारणाऱ्या नवऱ्यालाही मी हात सुधारायला लावला.

बाईंची शिष्या झाले. मिलच्या शेजारी राहून त्यांची बोलीही मिलची झाली होती. फटका चुकला की त्या एकच शब्द बोलायच्या, "कनकी." कनकी म्हणजे भरडताना तुटलेला तांदूळ. एखादीनं बॅटकडे नुसतं पाहिलं तरी त्या ओळखायच्या. "रबरकडे का पाहून राहिली? धान ओलं असन त मिल पालटून का होते? कनकीच पडन." मुली हसायच्या आणि पुन्हा उभ्या राहायच्या. बाई कुणाला सहसा मारत नसत, पण त्यांच्या रागाला एक उंची होती. त्या रागावल्या की मिलमधले हमालसुद्धा पोती हळू टाकायचे.

आणि भुसा. धान निघालं, मिल सुरू झाली, की गोदामाच्या पत्र्याच्या फटींतून बारीक भुसा उतरायचा. टेबलावर, केसांत, पापण्यांवर, बॅटवर. ओल्या गोणपाटानं टेबल पुसायचं आणि खेळायचं, ही रीतच होती. रबरावर भुशाचा थर बसला की ते काचेसारखं गुळगुळीत होतं, त्याला चेंडू पकडताच येत नाही. म्हणून बाईंच्या मुली चेंडू फिरवायच्या भानगडीत पडत नसत. सरळ, सपाट, आखूड फटका. गोवरी थापावी तशी थाप. गोंदियात त्या थापेला तोड नव्हती. जिल्ह्यात आमच्या मुली जिंकायच्या आणि नागपूरला गेल्या की पहिल्याच दिवशी दुपारच्या गाडीनं परत यायच्या. बाई म्हणायच्या, "नागपूरवाल्याइचे हात चांगले आहेत. हात सुधारा." नागपूरच्या मुलींचे हात चांगले आणि गोंदियाच्या वाईट, असं दरवर्षी कसं होतं, हा प्रश्न कुणी विचारला नाही. मी तर मुळीच नाही. मी नागपूरची. मला ती माझीच स्तुती वाटायची.

आम्ही दोघी निवृत्त झालो. मी घरी बसून गुडघे दुखवले. बाई रोज संध्याकाळी गोदामात जातच राहिल्या. नव्या खेळाच्या सरांना टेबल टेनिसमध्ये रस नव्हता, त्यामुळे त्यांना कुणी थांबवलं नाही. माझी नात इरा दुसरीत असताना मीच तिला तिथे नेऊन उभी केली. बाईंनी तिचं मनगट दोन बोटांत धरून वळवून पाहिलं, बाजारात दोडका पाहतात तसं. "हे चालन," म्हणाल्या.

इरा चालली. बाईंच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या मुलींत चांगली, हे बाईंनी तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, मला मात्र एकदा कानात सांगितलं आणि लगेच दटावलं, "तिले नोको सांगजो." ती विभागाच्या संघात जाईल असं आम्हाला वाटू लागलं. माझा मुलगा सुहास बँकेत आहे. तो मोबाइलवर बॅटी पाहत बसायचा. एके दिवशी गोदामात येऊन बाईंना म्हणाला, "मॅडम, नागपूरच्या मुली ज्या रबरनी खेळतात ना, ते मी मागवतो इरासाठी."

"मागवा जी," बाई म्हणाल्या. "बॅट आनसान त कोच बी त्याच दुकानातून आनजा."

सुहास गप्प झाला. घरी आल्यावर मी त्याला आणखी गप्प केलं. हात आणि हत्यार यांवर मी असं भाषण ठोकलं की स्वयंपाकघरात सुनेनं कुकरची शिट्टी बंद करून ऐकलं असावं. पातळ मुठीची बॅट नाकारणारी ती उशीतली वीरांगना अजून माझ्यात जिवंत होती, फक्त तिचे दात पडले होते.

मग नागपूरची स्पर्धा झाली. इराच्या वयोगटातलं ते शेवटचं वर्ष. समोरची मुलगी इरापेक्षा हळू, पायात जड. पण तिचा चेंडू टेबलाला लागला की उसळून कुठल्या कुठे पळायचा. इरानं तो परत केला, पुन्हा केला, पुन्हा केला. इरा सगळं परत करू शकत होती. मारू काहीच शकत नव्हती. तिचा चेंडू पलीकडे जाऊन निवांत बसायचा, आणि समोरची त्याला हाणायची. हरल्यावर इरानं त्या मुलीला विचारलं, "तुझी बॅट बघू?" तिनं दिली. इरानं चेंडू वर उडवला आणि बॅटनं नुसता घासला. चेंडू हवेतच वळला. इरानं तो उचलून आणला, पुन्हा घासला. मी पाहत होते. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. आपल्या घरात एक खोली आहे आणि ती आपल्याला कुणी उघडून दाखवलीच नाही, असं कळल्यावर माणूस जसा पाहील, तशी ती पाहत होती.

परतीच्या गाडीत ती म्हणाली, "आजी, माझा हात ठीक आहे. मला रबरच नाहीये."

मी भाषणासाठी श्वास घेतला.

"आजी, प्लीज," ती म्हणाली. तिच्या वयाच्या मुली हे एवढ्या सभ्यपणे म्हणतात की पुढे बोलता येत नाही.

सुहासनं बॅट मागवली. ती घेऊन इरा गोदामात गेली, तेव्हा मीही गेले. रबराला भुसा लागू नये म्हणून त्यावर पातळ प्लास्टिक चिकटवलेलं, वर पेटी, पेटीत ओला स्पंज.

बाईंनी पाहिलं. "बाळंतीन आहे का? एवढी गुंडाळून आनली?"

बाकीच्या मुली हसल्या. इरा हसली नाही. तिनं प्लास्टिक सोलून काढलं, बॅट बाईंच्या पुढे धरली आणि म्हणाली, "बाई, पालटू."

त्या गोदामात बाईंशिवाय तो शब्द आजवर कुणी उच्चारला नव्हता. बाईंनी ट्यूबवाली बॅट इराच्या हातात दिली. सोल्युशन नवं असेल, पट्टी नवी असेल, बॅट तीच. नवी बॅट घेऊन त्या टेबलाच्या पलीकडे गेल्या आणि त्यांनी आपली थाप मारली. चेंडू टेबल ओलांडून पोत्यांवर गेला. दुसरी थाप, पुन्हा पोत्यांवर. बाईंनी बॅट जरा खाली झुकवली, तर चेंडू जाळीत. त्या रबराला चेंडू घासून द्यावा लागतो, त्याला थाप चालत नाही. बाईंना घासणं येतच नव्हतं. इकडे इरा बाईंच्याच बॅटनं बाईंचीच थाप मारत होती, सरळ, आखूड, कोपऱ्यात. मुलींनी मोजणं थांबवलं. एक जण जमिनीकडे पाहू लागली.

बाईंनी डाव अर्धा सोडून बॅट टेबलावर ठेवली. "मंग हातच बिघडला म्हनाचा," त्या म्हणाल्या, आणि कमरेचा पदर सोडत बाहेर गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. त्यानंतरही आल्या नाहीत. गोदामाला कुलूप, किल्ली बाईंकडे, मुली दारातून परत. इरा घरी येऊन म्हणाली, "मला त्यांना हरवायचं नव्हतं आजी. मला त्यांना दाखवायचं होतं." निवड तोंडावर आलेली, पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नाही, आणि म्हातारी रुसून बसलेली. माझं डोकं फिरलं.

रेलटोलीत बाई एकट्या राहायच्या. मी पोचले तेव्हा ओसरीवर सूप घेऊन लाखोळीची डाळ निवडत होत्या.

"काऊन आली?"

"भांडायला."

"बस मंग. उभ्यानं भांडन होत नाही."

मी बसले, कारण गुडघ्यांचंही तेच म्हणणं होतं. आणि मग सगळं बाहेर काढलं. म्हटलं, बाई, जन्मभर पोरींना हात सुधार, हात सुधार म्हणालात. तो हात घडवला कुणी? भुशानं घडवला. रबर घसरतं म्हणून आपण सगळ्या थापा मारायला शिकलो. बॅट वाईट होती म्हणून हात तसा झाला, आणि तुम्ही हात वेगळा आणि बॅट वेगळी करून आम्हाला नाचवलंत. माझी नवी बॅट त्या दिवशी भुशानं माखली होती म्हणून मी हरले. मला कळलं नाही, मी मठ्ठ होते. तुम्ही तर खेळाच्या बाई होतात. तुम्हाला एवढं कळलं नाही?

बाई डाळीतले खडे काढत राहिल्या. "मले मालूम नव्हतं असं वाटते तुले?"

बाईंनी एक खडा अंगणात भिरकावला.

"नोकरीच्या पयल्याच वर्षी पोरी घेऊन नागपूरले गेली होती मी. पाह्यलं तिथं, स्पंजाचं रबर. पाह्यलं चेंडू कसा पयते ते. वापस आली अन् अध्यक्षसायेबाकडे गेली. आताच्याचा बाप. म्हटलं, सायेब, चार रबर पाह्यजे अन् बिनभुशाची खोली पाह्यजे. बैठकीत सात-आठ मानसं बसली होती." बाईंनी सूप झटकलं. "तो म्हने, पोट्टीइले पोया लाटाले जेवढं मनगट लागते तेवढं पुरे. अन् हासला. मंग सारेच हासले. मले चहा देल्ला. मी पेली बी."

"मग?"

"मंग का? दुसऱ्या दिवशी पोरी लाईनीत उभ्या. त्याइले का सांगू, का तुमाले भेटत नाही म्हनून? म्हटलं, लागतच नाही. हात सुधारा. लागत नाही म्हटलं का मांगाव लागत नाही. मांगतलं नाही का कोनी हासत नाही." त्यांनी सूप खाली ठेवलं. "मी पोरीइले टेबल टेनिस शिकवलंच नाही वो, नागपूरवाली. न मांगाचं शिकवलं."

अशा वेळी लेखिका डोळे पुसते, असा रिवाज आहे. मी ते सूप उचलून अंगणात फेकावं असं मला वाटलं. इतक्या वर्षांच्या इतक्या मुली. त्यांना नवऱ्याकडे, सासऱ्याकडे, साहेबाकडे काही मागायची वेळ आली असेल तेव्हा त्या स्वतःचाच हात निरखत बसल्या असतील. आणि त्यांत मीही. मी तर त्याचा प्रचार केला, फुकट.

"मग आता मागा," मी म्हटलं.

"आता हासतीन नाही का?"

"हसू देत. या वेळी दोघी जाऊ. आणि चहा पाजायची सोय नाही, दोघींना साखर आहे."

बाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. हसताना त्यांचा खालचा एक दात दिसायचा, तो दिसला.

शाळेच्या वरच्या मजल्यावर एक नवा हॉल आहे. टाइल्स, पंखे, काचेच्या खिडक्या. बक्षीस समारंभाला उघडतो, एरवी बंद. आम्ही तोच मागितला. आताचे अध्यक्ष आमच्याच हाताखालून गेलेल्या मुलींचे काका-मामा, अतिशय गोड बोलणारे. ते हसले नाहीत. म्हणाले, "पाहू ना, बाई. टाइल्स नव्या आहेत, टेबलाचे पाय घासतील. आणि तुम्हीच तर आम्हाला शिकवलं, जागा-बिगा काही नसतं, हात पाहिजे."

जिन्यात बाई म्हणाल्या, "हासला नाही."

"नाही."

"बापापेक्षा हुशार आहे."

गोदामाचं कुलूप निघालं. बाईंनी इराला समोर उभं केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा शिष्येला निवड दिली. "पाह्य पोरी. जुन्या रबरनं खेळशीन त तुह्या थापेवर चार जनीइले मारशीन, पाचवी मारन तुले. नव्यानं खेळशीन त हात अजून कच्चा आहे, यंदा पयलीच मारन. पन पुढं खेळता येईन. तूच ठरव, मी नाही सांगत." इरानं रात्रभर ठरवलं आणि नवं रबर घेतलं. मग बाई तिच्या शेजारी उभ्या राहून घासणं शिकल्या. त्या वयात, त्या खांद्यानं. त्यांना नवा शब्द सापडला. "मारू नोको, पूस. ताटाची कड पुसते तसा चेंडू पूस." इरा दर गुणानंतर रबर ओल्या स्पंजानं पुसायची आणि मिल पुन्हा त्यावर भुसा घालायची. दिवाळीनंतर मिल जोरात सुरू झाली, तेव्हा ते महागाचं रबरही त्या ट्यूबवालीसारखं चकाकू लागलं.

निवडीत इरा हरली. हात अर्धा नवा, अर्धा जुना; दोन घरच्या उपाशी पाहुण्यासारखा, धड कुठलाच नाही. एक चेंडू मात्र तिनं असा घासला की समोरची मुलगी बॅट घेऊन वेगळ्याच दिशेला गेली. बाईंनी माझा दंड धरला, त्याचे वळ दोन दिवस राहिले. परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या. तिरोडा आल्यावर म्हणाल्या, "मी तवाच भांडाले पाह्यजे होतं." इरानं त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. ती रडत होती की झोपली होती, मी विचारलं नाही.

इराचं वय गेलं, पण तिच्या मागे लहान मुली होत्या. बाई दर सोमवारी अध्यक्षांकडे जायच्या. माझे गुडघे पायऱ्यांना नकार द्यायला लागले, त्या एकट्या जायच्या. कचेरीच्या बाकावर कॅनव्हासचे बूट घालून बसायच्या. "हॉल पाह्यजे," एवढंच. साहेब बाहेर गेलेत, साहेब मीटिंगमध्ये आहेत, साहेब पाहतो म्हणाले. फोनवर मला सांगायच्या, "आज बी नाही देल्ला. पन मांगतलं." त्या दोन शब्दांवर त्या असा जोर द्यायच्या, की फोन माझ्या कानापासून दूर धरावा लागायचा. एप्रिलच्या उन्हात, दुपारच्या झोपेत, त्या गेल्या. त्या आठवड्यातला सोमवार त्यांनी चुकवला नव्हता.

शोकसभा संस्थेनं त्याच वरच्या हॉलमध्ये ठेवली. मला सुहासनं आणि इरानं दोन्ही बाजूंनी धरून वर चढवलं. बाईंचा फोटो, हार, उदबत्ती, पंखे फिरताहेत. बाईंच्या लहान मुली पुढच्या रांगेत टाइल्सवर मांडी घालून बसलेल्या. एकीनं बोटानं फरशी पुसून पाहिली आणि बोट शेजारणीला दाखवलं. स्वच्छ होतं.

अध्यक्ष बोलायला उभे राहिले. आवाज भरून आलेला, आणि खोटा नव्हता, हेच वाईट. "कापगतेबाई म्हणजे त्याग," ते म्हणाले. "एवढी वर्षं गोदामात शिकवलं. ना खोली, ना साहित्य. पण बाईंनी आमच्याकडे कधी काही मागितलं नाही."

मी उभी राहिले. कशी राहिले ते गुडघ्यांना विचारा. भाषण ठोकायची माझी सवय जुनी, पण त्या वेळी मला भाषण सुचलं नाही. "मागितलं," मी म्हटलं. "हा हॉल मागितला. तुमच्याकडे. या सोमवारीसुद्धा मागितला. तुमच्या वडलांकडेही मागितलं होतं, ते हसले होते."

सुहास माझा पदर ओढत होता. अध्यक्ष म्हणाले, "आजी भावनेच्या भरात..." आणि एवढ्यात इरा उठली. तिचा आवाज मुळीच चढला नाही. "सर, टेबल आणायला आम्ही गोदामात आत्ता जाऊ का?"

अध्यक्षांच्या ओठांवर हसू यायला लागलं. बापाचं हसू, मी पाहिलं नव्हतं तरी ओळखलं. पण समोर मुली त्यांच्याकडेच पाहत होत्या आणि एकही खाली पाहत नव्हती. ते हसू तिथेच राहिलं, पुढे सरकलं नाही. मग त्यांनी शिपायाकडे पाहिलं, म्हणाले, "पायांना फडकं बांधून आणा."

टेबल आलं. आता ते वर आहे. हॉल आठवड्यातून दोन दिवस मिळतो, शनिवारी आणि बुधवारी, समारंभ असला तर तेही नाही. उरलेले दिवस तिथे पंखे आणि खुर्च्या राहतात, आणि मुली खाली भुशात. रबरं संस्थेकडून अजून आलेली नाहीत. म्हणून सोमवारी मी जाते. रिक्षानं जाते, कचेरीच्या बाकावर बसते आणि इराला सोबत घेते, कारण तिला आणि तिच्या मागच्यांना हे मागणं माझ्यापेक्षा लवकर यायला हवं. साहेब बाहेर गेले असले की आम्ही थांबतो. शिपाई चहा आणतो. मी म्हणते, साखर आहे मला, चहा नको, हॉल पाहिजे.